ऑफसीझनमध्ये स्टार्टिंग पिचिंगची बाजू कशी भक्कम करावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेजर लीग बेसबॉल नियमित पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे पान आहे. स्टार्टर म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर, बुलपेन म्हणजे त्याच्यानंतर येणाऱ्या रिलीव्हरचा ताफा, एवढं माहीत असलं की पुढचं समजायला अडचण येणार नाही. रकमा अमेरिकी डॉलरमध्ये आहेत.

सुरुवात कुठून करायची? बाजारातलं सगळ्यात मोठं नाव आणण्यापासून?

नाही. सुरुवात कागदावरच्या बेरजेपासून करायची. मोसमात १६२ सामने, प्रत्येकी ९ इनिंग, म्हणजे साधारण १,४५८ इनिंग. आजकाल स्टार्टर सरासरी पाच इनिंगांच्या थोडं पुढे जातो. म्हणजे स्टार्टरांच्या वाट्याला सुमारे ८५० इनिंग येतात.

आता हातात असलेल्या प्रत्येक पिचरसमोर त्याची पुढच्या वर्षीची इनिंग लिहा. गेल्या तीन वर्षांत त्याने खरोखर टाकलेल्या आकड्यावरून लिहा, मनातल्या अपेक्षेवरून नको. समजा पहिल्याच्या नावापुढे १८०, दुसऱ्याच्या १६५, तिसऱ्याच्या १५०, चौथ्याच्या १२० आणि पाचव्याच्या ९० आले. बेरीज ७०५. उरल्या १४५ इनिंग, म्हणजे २८-२९ सामने. हे सामने कोण सुरू करणार, याचं उत्तर नोव्हेंबरमध्ये नसेल तर ते जून महिन्यात मिळतं, आणि तेव्हा ते महाग पडतं.

बहुतेक संघांची घसरण या उरलेल्या इनिंगांतच होते. एक नंबरचा पिचर थोडा कमी दर्जाचा आहे म्हणून जितके सामने जातात, त्याहून जास्त सामने सातवा-आठवा पिचर मेजर लीगच्या लायकीचा नाही म्हणून जातात.

पाच चांगले स्टार्टर असले की भागतं ना?

२००३ मध्ये सिॲटल मॅरिनर्सचं भागलं होतं. मोयर, गार्सिया, पिन्येरो, फ्रँकलिन आणि मेश या पाच जणांनीच त्यांचे सगळे १६२ सामने सुरू केले. आजही लोक ती गोष्ट सांगतात, कारण असं पुन्हा घडत नाही.

उलट टोकाचं उदाहरण २०२४ च्या लॉस एंजेलिस डॉजर्सचं. पैसा आणि नावं दोन्ही भरपूर असून पोस्टसीझनला (मोसमानंतरच्या बाद फेरीला) त्यांच्याकडे धडधाकट स्टार्टर तीनच उरले होते: यामामोतो, फ्लॅहर्टी आणि ब्युलर. त्यातला फ्लॅहर्टी तर जुलैअखेर डेट्रॉइटकडून आणलेला. विजेतेपद मिळालं, पण ते बुलपेनच्या खांद्यावर.

म्हणून नियोजन नऊ जणांचं करावं. पाच रोटेशनमध्ये (आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या फळीत), दोन ट्रिपल-एमध्ये (मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पातळीवर) पूर्ण तयारीत, आणि दोन असे की वेळ पडली तर तीन-चार सामने सावरून नेतील.

सहावा ते नववा पिचर कसा निवडायचा?

इथे गुणवत्तेइतकाच महत्त्वाचा असतो तो ऑप्शन. पिचर ४० जणांच्या यादीत (संघाच्या मेजर लीग करारांच्या यादीत) असेल आणि त्याची ऑप्शनची वर्षं शिल्लक असतील (साधारणपणे तीन मिळतात), तर त्याला मायनर लीगमध्ये ये-जा करता येते. ऑप्शन संपलेल्याला खाली पाठवायचं तर आधी वेव्हर्सवर (इतर संघांना खुला) टाकावं लागतं, आणि दुसरा संघ त्याला उचलून नेऊ शकतो. सहावा-सातवा पिचर ऑप्शन संपलेला असला की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तो फुकट हातातून जातो. दरवर्षी कुणा ना कुणाच्या बाबतीत हे घडतंच.

आणखी एक अडचण नव्या चाहत्यांच्या लक्षात येत नाही. मोसमात गंभीर दुखापत झालेल्याला ६० दिवसांच्या दुखापत-यादीवर टाकलं की ४० जणांच्या यादीत जागा मोकळी होते. पण ऑफसीझनमध्ये ही सोय नसते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हे सगळे दुखापतग्रस्त पुन्हा ४० मध्ये मोजले जातात. त्यामुळे तीन पिचर शस्त्रक्रियेतून सावरत असतील तर तुमच्याकडे खऱ्या अर्थाने ३७ जागाच आहेत.

ईआरए पाहून पिचर घेतला तर काय चुकतं?

ईआरए म्हणजे दर ९ इनिंगांमागे दिलेल्या अर्न्ड रन, म्हणजे फिल्डिंगच्या चुकांमुळे गेलेल्या वगळून उरलेल्या रन. झालेल्या गोष्टीचा हिशेब म्हणून तो बरोबर आहे. पुढे काय होईल हे सांगायला मात्र कच्चा, कारण त्यात मागची फिल्डिंग, मैदान, चेंडू कुठे पडला याचं नशीब आणि नंतर आलेल्या रिलीव्हरची करामत असं सगळं मिसळलेलं असतं.

ख्रिस सेलचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये बॉस्टनसाठी त्याचा ईआरए ४.३०. आधीची तीन-चार वर्षं दुखापतींत गेलेली, वय ३४. वरवर पाहणाऱ्याने त्याला सोडून दिलं असतं. पण त्याच वर्षी १०३ पेक्षा किंचित कमी इनिंगांत १२५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि फक्त २९ वॉक (चार बॉलवर फुकट बेस), हेही त्याच्याच नावावर होतं. दर वॉकमागे चारपेक्षा जास्त स्ट्राइकआउट देणाऱ्या हाताची धार गेलेली नसते. अटलांटाने डिसेंबर २०२३ मध्ये व्हॉन ग्रिसमच्या बदल्यात त्याला घेतलं, वर बॉस्टनने पगारापैकी १ कोटी ७० लाख डॉलरही दिले. २०२४ मध्ये सेल १८-३ (विजय-पराभव), ईआरए २.३८, २२५ स्ट्राइकआउट, आणि नॅशनल लीगचा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार.

पाहण्याचा क्रम असा ठेवा. आधी स्ट्राइकआउटची टक्केवारी वजा वॉकची टक्केवारी, ही एकूण बॅटरांच्या हिशेबात काढायची. १५ च्या वर असेल तर चांगलं, २० च्या वर असेल तर उत्तम. मग एफआयपी, म्हणजे फिल्डिंगचा वाटा वगळून काढलेला ईआरएसारखा आकडा: होम रनला १३ ने, वॉक आणि हिट-बाय-पिच (बॅटरला लागलेले चेंडू) यांच्या बेरजेला ३ ने गुणायचं, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करायची, इनिंगांनी भागायचं आणि ३.१ ते ३.२ च्या आसपासचा त्या वर्षीचा स्थिरांक मिळवायचा. एफआयपी ईआरएपेक्षा बराच कमी असेल तर कारण शोधा. शेवटी फास्टबॉलचा वेग महिन्यागणिक पाहा. एप्रिलमध्ये ताशी ९५ मैल आणि सप्टेंबरमध्ये ९३ असेल तर बाकीचे आकडे कितीही सुंदर असोत, थांबा आणि वैद्यकीय अहवाल मागवा.

मोठ्या फ्री एजंटशी (करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूशी) किती वर्षांचा करार करावा?

पिचरच्या बाबतीत पाचव्या वर्षानंतरचा पैसा हा वस्तूसाठी दिलेला पैसा नसतो, ती बोली जिंकण्याची किंमत असते. हे उघडपणे मान्य करून सही करावी.

स्टीफन स्ट्रासबर्ग २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनने त्याला ७ वर्षांचे २४ कोटी ५० लाख डॉलर दिले. त्यानंतर तो फक्त ८ सामन्यांत माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उतरला. जेकब डिग्रॉमला टेक्सासने २०२२ च्या डिसेंबरमध्ये ५ वर्षांसाठी १८ कोटी ५० लाख दिले. २०२३ मध्ये ६ सामने झाले आणि कोपराची शस्त्रक्रिया करावी लागली. २०२५ मध्ये मात्र त्याने ३० सामने सुरू केले आणि ईआरए तीनच्या खाली ठेवला. कॉर्बिन बर्न्स ॲरिझोनाकडे ६ वर्षांसाठी २१ कोटींवर गेला आणि पहिल्याच मोसमात, जून २०२५ मध्ये, त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली.

यातून मोठे करार करूच नयेत असा अर्थ निघत नाही. अर्थ एवढाच की मोठा करार केला तरी बेरजेच्या कागदावर त्या पिचरपुढे २०० लिहू नका.

करारात काय घालता येतं हेही पाहा. बॉस्टनने २००९ च्या डिसेंबरमध्ये जॉन लॅकीशी ५ वर्षांचा करार केला तेव्हा एक कलम घातलं होतं: कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे तो दीर्घकाळ बाहेर राहिला तर सहाव्या वर्षी किमान पगारात त्याला ठेवण्याचा हक्क संघाकडे राहील. २०१२ चा पूर्ण मोसम त्याचा गेला. ते कलम कामी आलं, आणि ट्रेडनंतर सेंट लुईसला २०१५ मध्ये तो जवळपास ५ लाख डॉलरमध्ये मिळाला.

क्वालिफाइंग ऑफर नाकारलेला पिचर घ्यावा का?

हिशेब करून घ्यावा. ही ऑफर म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला त्याच्या जुन्या संघाने देऊ केलेला एका वर्षाचा करार, रक्कम १२५ सर्वाधिक पगारांची सरासरी. २०२५ च्या ऑफसीझनला ती २ कोटी २० लाख २५ हजार डॉलर होती. ती नाकारलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाने घेतलं तर त्या संघाच्या ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीतल्या) निवडी जातात. लक्झरी टॅक्स (ठरलेल्या रेषेवरच्या पगारखर्चाचा कर) भरणाऱ्या संघाची दुसरी आणि पाचवी सर्वोच्च निवड जाते, शिवाय आंतरराष्ट्रीय बोनसच्या रकमेतले १० लाख डॉलर. महसूल-वाटपातून पैसे मिळणाऱ्या छोट्या संघाची फक्त तिसरी सर्वोच्च निवड जाते.

मधल्या फळीतल्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या स्टार्टरसाठी निवड गमावणं सहसा परवडत नाही. त्याच दर्जाचा, ऑफर न मिळालेला पिचर शोधा. ज्याला एकदा ऑफर मिळाली त्याला ती पुन्हा देता येत नाही, आणि मोसमाच्या मध्यात ट्रेड झालेल्याला देताच येत नाही. या दोन गटांतच चांगला माल सापडतो.

लक्झरी टॅक्सची रेषा कुठे आहे?

२०२५ साठी २४ कोटी १० लाख, २०२६ साठी २४ कोटी ४० लाख डॉलर. मोजणी कराराच्या वार्षिक सरासरीवर होते. पहिल्या वर्षी वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षापासून ५०. रेषेच्या २ कोटी वर गेलं की आणखी अधिभार लागतो.

ट्रेड केव्हा चांगला?

पैसा कमी आणि प्रॉस्पेक्ट (होतकरू तरुण खेळाडू) जास्त असतील तेव्हा. आणि पिचरची संघाच्या ताब्यातली वर्षं दोन किंवा अधिक उरली असतील तेव्हा. डिसेंबर २०२४ मध्ये बॉस्टनने गॅरेट क्रोशेसाठी शिकागो व्हाइट सॉक्सला चार प्रॉस्पेक्ट दिले, त्यात कॅचर काइल टील होता. सौदा महाग वाटला होता. पण क्रोशे त्यांच्या हाती दोन मोसमांसाठी आला होता, आणि २०२५ चा मोसम सुरू होताच त्यांनी ६ वर्षांसाठी १७ कोटींचा करार करून तो पक्का केला. त्या वर्षी त्याने २०५ इनिंग टाकल्या आणि २५५ स्ट्राइकआउट घेतले.

एका वर्षासाठीचा ट्रेड तेव्हाच करावा, जेव्हा संघ त्या वर्षी जिंकण्याच्या खऱ्या स्थितीत असतो. बॉल्टिमोरने फेब्रुवारी २०२४ मध्ये बर्न्सला असंच आणलं होतं. डीएल हॉल, जोई ऑर्टिझ आणि ड्राफ्टची एक निवड दिली, एक उत्तम मोसम मिळाला, आणि तो गेला.

रिलीव्हरला स्टार्टर करता येतं का?

येतं. गेल्या काही वर्षांत सगळ्यात स्वस्त मार्ग हाच ठरला आहे. सेथ लुगो, मायकल किंग, अटलांटाचा रेनाल्डो लोपेझ, आणि खुद्द क्रोशे, सगळे बुलपेनमधून आलेले.

पण कुणालाही उचलून स्टार्टर करता येत नाही. तीन गोष्टी तपासा. पहिली, त्याच्याकडे तिसरी पिच आहे का? फास्टबॉल आणि स्लायडर या दोनांवर एक इनिंग निभते. तोच बॅटर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा समोर आला की तो दोन्ही ओळखून असतो. दुसरी, विरुद्ध हाताच्या बॅटरसाठी चेंजअप, स्प्लिटर किंवा कटर आहे का? उजव्या हाताच्या पिचरला डावखुऱ्या बॅटरांनी झोडपलं असेल, तर समोरचा व्यवस्थापक नऊपैकी सात डावखुरे उतरवेल. तिसरी, वेगाचा साठा. स्टार्टर झाल्यावर ताशी मैल-दीड मैल वेग उतरतो असं धरून चाला. ९४ चा ९२.५ झाल्यावर ती फास्टबॉल चालणार आहे का?

इनिंग वाढवताना घाई नको. क्रोशेने २०२३ मध्ये मेजर लीगमध्ये १३ इनिंगसुद्धा टाकल्या नव्हत्या. २०२४ मध्ये १४६ झाल्या, त्याही उत्तरार्धात प्रत्येक सामन्यात सुमारे चार इनिंगांवर आवरून. म्हणजे रिलीव्हरला स्टार्टर केलंत तर त्याच वर्षी त्याच्या उरलेल्या इनिंग उचलणारा आणखी एक माणूस लागतो. तोही कागदावर हवा.

जपान आणि कोरियातून पिचर आणणं किती भरवशाचं?

दर्जा मोठा आहे. बदल मात्र समजून घ्यावा लागतो. जपानमध्ये स्टार्टर साधारण आठवड्यातून एकदा पिच करतो, अमेरिकेत पाचव्या-सहाव्या दिवशी. अमेरिकी बॉल हाताला निसरडा लागतो, जपानी बॉलची पकड चांगली असते. स्प्लिटर टाकणाऱ्याला हा फरक सर्वांत जास्त जाणवतो.

पोस्टिंगचा, म्हणजे जपानी क्लबने खेळाडू सोडण्याच्या मोबदल्याचा खर्च करारात दिसत नाही, म्हणून तो वेगळा मोजा. पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर १७.५, त्यावर १५ टक्के, आणि हे पैसे जपानी क्लबला जातात. योशिनोबू यामामोतोचा करार ३२ कोटी ५० लाखांचा. ५० लाख, अधिक ४३ लाख ७५ हजार, अधिक ४ कोटी १२ लाख ५० हजार, म्हणजे त्याच्या जपानी क्लबला, ओरिक्सला, ५ कोटी ६ लाख २५ हजार डॉलर. पोस्टिंगनंतर सहीसाठी ४५ दिवस मिळतात.

कोरियाचा रस्ता वेगळा आणि बराच स्वस्त आहे. तिथे जाऊन नवी पिच शिकून परतलेले अमेरिकी पिचर शोधा. मेरिल केली २०१९ मध्ये असाच ॲरिझोनाकडे आला आणि २०२३ च्या वर्ल्ड सिरीजमधला ॲरिझोनाचा एकमेव विजय त्याच्या पिचिंगवर मिळाला. एरिक फेडी २०२३ चा कोरियन लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता, आणि तो २ वर्षांसाठी फक्त दीड कोटीत मिळाला.

पिचरचं कोपरच का तुटतं? आपल्याकडे वेगवान गोलंदाजांची तर पाठ जाते.

क्रिकेटमध्ये हात वाकवून सरळ करण्यावर १५ अंशांची मर्यादा आहे. वेग रन-अप, कंबर आणि खांद्यातून येतो, आणि पुढचा पाय आदळताना कण्यावर ताण पडतो. बेसबॉलमध्ये रन-अप नसतो. माउंडवर उभं राहून, कोपर वाकवून तो झटक्यात सरळ करायचा असतो, आणि त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट सगळा ताण झेलतो. ९० ते १०० पिच, म्हणजे १५ ते १७ षटकं, आणि जवळपास प्रत्येक चेंडू पूर्ण जोर लावून.

हा लिगामेंट बदलण्याची शस्त्रक्रिया १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनवर प्रथम केली, तेच नाव तिला पडलं. सामन्यात परतायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. खांद्याची दुखापत त्याहून वाईट, कारण तिथून परतण्याचा अंदाज बांधणं कठीण. एमआरआयमध्ये कोपर जुनं दुरुस्त केलेलं दिसलं तर बोलणी चालू ठेवा. खांद्यातला लेब्रम किंवा रोटेटर कफ फाटलेला दिसला तर किंमत बरीच खाली आणा किंवा उठा.

शस्त्रक्रियेतून सावरणारा पिचर घेण्यात काय फायदा?

दोन वर्षांचा करार करा. पहिलं वर्ष कमी पैशात सावरण्यासाठी, दुसरं खेळण्यासाठी. टॅम्पा बेने फेब्रुवारी २०१७ मध्ये नेथन इओव्हाल्डीला २० लाख डॉलरमध्ये घेतलं, पुढच्या वर्षाचा २० लाखांचा हक्कही ठेवला. २०१७ पूर्ण गेलं. २०१८ मध्ये तो खेळला, जुलैमध्ये बॉस्टनकडे गेला आणि वर्ल्ड सिरीज जिंकून आला. अशा पिचरपुढे पहिल्या वर्षी शून्य इनिंग लिहायच्या. ‘ऑगस्टमध्ये येईल’ असं कुणी सांगितलं तरी शून्यच.

सहा जणांचं रोटेशन ठेवलं तर दुखापती कमी होतील?

हात ताजे राहतात, पण २६ जणांच्या यादीत पिचर १३ च चालतात. सहा स्टार्टर म्हणजे बुलपेनमध्ये सातच. ओहतानी बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करतो म्हणून तो त्या १३ मध्ये मोजला जात नाही, त्यामुळे डॉजर्सना हे जमतं. इतरांनी जुलै-ऑगस्टमध्ये अधूनमधून सहावा स्टार्टर उतरवावा, एवढं पुरे.

नवा पिचर न घेता पिचिंग सुधारता येते का?

बऱ्याच प्रमाणात. ग्राउंड बॉल काढणाऱ्या पिचरांच्या मागे चांगला शॉर्टस्टॉप उभा केला की सगळ्यांचेच आकडे सुधारतात. उलट, हवेत फटके देणारा पिचर डेन्व्हरला, जवळपास १,६०० मीटर उंचीवर नेलात तर विरळ हवेत फटके लांब जातात आणि ब्रेकिंग बॉल कमी वळतो. कॅचरच्या फ्रेमिंगला (चेंडू स्ट्राइक भासावा असा पकडण्याला) मोल आहेच, मात्र २०२६ पासून स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला आव्हान देण्याची यंत्रणा आल्याने त्यासाठी जादा पैसे मोजताना हात थोडा आखडता घ्यावा.

कोणत्या तारखा चुकवू नयेत?

सगळ्यात दुर्लक्षित तारीख नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली, जेव्हा संघ आपल्या काही खेळाडूंना पुढच्या वर्षाचा करार देत नाहीत. सिनसिनाटीने २०१९ च्या ऑफसीझनला केव्हिन गॉसमनला असंच सोडलं. सॅन फ्रान्सिस्कोने ९० लाखांत एका वर्षासाठी घेतलं. २०२१ मध्ये त्याचा ईआरए २.८१ होता, आणि पुढे टोरँटोने त्याला ११ कोटी दिले. त्याची स्प्लिटर आधीही तीच होती.

दुसरी मर्यादा फेब्रुवारीच्या मध्याची, कॅम्प सुरू होण्याची. त्यानंतर सही केलेल्या स्टार्टरची तयारी अपुरी राहते. ब्लेक स्नेलने २०२४ मध्ये मार्चच्या मध्यावर सही केली. पहिल्या सहा सामन्यांत त्याचा ईआरए ९ च्या वर होता, आणि मधे दुखापतीही झाल्या. तोच स्नेल ऑगस्टमध्ये नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न देता सामना) टाकून गेला. जॉर्डन माँटगोमेरीची सही मार्चअखेर झाली, ईआरए ६.२३. स्वस्त मिळतो म्हणून मार्चमध्ये घ्यायचा असेल तर एप्रिल आणि मे त्याच्याकडून धरू नका.

कमी पैशांत हे सगळं नीट जमवलेला एखादा संघ?

कॅन्सस सिटी रॉयल्स. २०२३ मध्ये ५६ विजय, १०६ पराभव. त्याच वर्षी ३० जूनला त्यांनी रिलीव्हर चॅपमनला टेक्सासला देऊन कोल रेगन्सला आणलं. रेगन्सच्या कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया झालेली, पण वेग वाढलेला. डिसेंबरमध्ये लुगो ३ वर्षांसाठी साडेचार कोटींत आणि मायकल वाका २ वर्षांसाठी ३ कोटी २० लाखांत. ब्रेडी सिंगर घरचाच.

या चौघांपैकी कुणालाही त्या दिवशी कुणी बाजारातला पहिल्या क्रमांकाचा पिचर म्हटलं नसतं. २०२४ मध्ये लुगोने २०६, रेगन्सने १८६, सिंगरने १७९ आणि वाकाने १६६ इनिंगांहून जास्त टाकल्या. चौघांच्या मिळून सुमारे ७४०. वर सुरुवातीला काढलेला ८५० चा आकडा आठवा: त्या हिशेबाने पाचव्या आणि त्यापुढच्या सगळ्यांसाठी जेमतेम ११० उरतात. ८६ विजय मिळाले, लुगो साय यंगच्या मतदानात दुसरा आला, आणि पोस्टसीझनच्या पहिल्या फेरीच्या, वाइल्ड कार्डच्या पहिल्या सामन्यात रेगन्सने बॉल्टिमोरच्या बर्न्ससमोर १-० असा विजय काढून दिला.

स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये काय पाहावं?

निकाल आणि ईआरए पाहू नका, समोर अर्धे बॅटर मायनर लीगचे असतात. पिचची संख्या पाहा. पहिल्या सामन्यात ३० च्या आसपास, मग दर वेळी सुमारे १५ वाढत जाऊन मार्चच्या शेवटी ७५ ते ९० पर्यंत पोहोचायला हवी. एखाद्याची पाळी कारण न सांगता पुढे ढकलली गेली, किंवा ६० वर दोनदा अडकली, तर त्याच दिवशी कागद काढा आणि त्याच्यापुढच्या इनिंगांतून ४० वजा करा.